वाळूने सांभाळलेले विमान

दुसरे महायुद्ध म्हटले की स्टॅलिनग्राड, अल अलामेन, नॉर्मंडी ही नावे चटकन आठवतात. सरावात पडलेल्या विमानांचा हिशेब मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही. त्या युद्धाच्या काळात अमेरिकेच्या हवाई दलाचे सुमारे १५,००० लोक मायदेशातच, विमान अपघातांत मरण पावले. तेथे समोर शत्रू नव्हता.

परदेशी तळांवरही असे अपघात होत. २७ सप्टेंबर १९४२ रोजी वेल्समधील लानबेडर तळावरून अमेरिकेचा चोवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट रॉबर्ट इलियट गोळीबाराच्या सरावासाठी उडाला. विमान होते लॉकहीड कंपनीचे पी-३८ लाइटनिंग. त्याला दोन इंजिने, जोड शेपटी आणि मधल्या छोट्याशा कक्षात एकच वैमानिक. नाकात चार मशीनगन आणि एक तोफ. उड्डाणात इंधनपुरवठा खुंटला. इलियटने हार्लेखच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात विमान पोटावर उतरवले. एका पंखाचे टोक तुटले, पण तो स्वतः सुखरूप बाहेर आला.

युद्धकाळातील निर्बंधांमुळे ही बातमी ब्रिटिश वर्तमानपत्रांत आली नाही. सैन्याने विमानातील शस्त्रे काढून नेली आणि सांगाडा तेथेच सोडला. हळूहळू वाळूने तो झाकून टाकला.

इलियट पुन्हा उडाला. अवघ्या तीन महिन्यांत ट्युनिशियाच्या लढाईत तो बेपत्ता झाला. त्याचे विमान मिळाले नाही, देहही मिळाला नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात वाळू सरकली आणि किनाऱ्यावर फिरायला आलेल्या एका कुटुंबाला तो सांगाडा दिसला. अभ्यासकांनी पाहणी करून विमानाची ओळख पटवली. २०१९ मध्ये वेल्सने या जागेला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. आठवण म्हणून तुकडे उचलून नेणाऱ्यांच्या भीतीने नेमके ठिकाण गुप्त ठेवले जाते. आज ते विमान पुन्हा वाळूखाली आहे.

सरावातले विमान कायद्याने जपले गेले. ते सुखरूप उतरवणाऱ्या तरुणाला कबरही लाभली नाही. युद्ध कोणी जिंकले, हा प्रश्न वर्गात मुले नेहमी विचारतात. लढाईपूर्वीच किती घरांचे दिवे विझले, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. तो विचारायला आपणच त्यांना शिकवले पाहिजे.