शेवटची पायरी

गेल्या वर्षी आमच्या सासूबाई मोरीत घसरून पडल्या. समाचाराला आलेल्या प्रत्येकीने विचारले, "हाड तर नाही ना मोडले?" कशा पडल्या, हे एकीनेही विचारले नाही, मीही नाही. म्हातारे माणूस पडायचेच, असे आपण धरूनच चालतो.

हा 'कशा?' चिकाटीने विचारणाऱ्या एका डॉक्टरांची हकीकत भगिनींना सांगावीशी वाटते. दुसरे महायुद्ध संपले तरी इंग्लंडात रेशन चालूच होते. तेथील वुल्व्हरहॅम्प्टन गावचे डॉ. जोसेफ शेल्डन यांनी रेशनच्या नोंदींवरून वृद्ध माणसे निवडली आणि इस्पितळात न बोलावता त्यांची त्यांच्या घरीच गाठ घेतली. 1948 साली त्यांचा अहवाल पुस्तकरूपाने निघाला. घरोघर पडण्याची तक्रार आढळली, आणि ती पुरुषांपेक्षा बायकांत अधिक!

पुढे 1960 साली त्यांनी 202 जणांच्या 500 पडण्यांचा हिशेब मांडला. सुमारे एकतृतीयांश वेळा कारण अगदी साधे होते: कशाला तरी अडखळणे, घसरणे, जिना. जिन्यावर तर एक गंमत (गंमत कसली म्हणा!) त्यांच्या ध्यानी आली. जिना संपला असे समजून माणूस पाऊल टाकतो, आणि शेवटची पायरी अजून उरलेली असते. त्यात उजेड अपुरा. आपल्या जुन्या वाड्यांतले काळोखे जिने आठवावेत. काही बायका मात्र धड शुद्धीत असताना पाय एकाएकी गळून खाली येत. त्याला जिन्याचा काय दोष?

कारण कळले, पण पडणे टाळता येते का? याचे उत्तर यायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी 1988 साली दाखवले की, पंचाहत्तरी गाठलेल्या, घरीच राहणाऱ्या 336 जणांपैकी सुमारे तिसरा हिस्सा वर्षभरात एकदा तरी पडला. मग त्यांनी सत्तरीपुढच्या काही जणांच्या झोपेच्या गोळ्या कमी केल्या, उठताना रक्तदाब उतरतो का ते पाहिले, पायांचे व्यायाम दिले, न्हाणीघरातली गैरसोय दूर केली. 1994 सालचा निकाल असा: ज्यांच्यासाठी हे केले त्यांच्यापैकी वर्षात शेकडा 35 पडले, बाकीच्यांपैकी 47. पडणे थांबले नाही, पण कमी झाले, आणि तेही कोणत्याही नव्या औषधावाचून.

हे वाचल्यावर मी सासूबाईंना एकदाचे विचारले. त्या आधी दोनदा पडल्या होत्या! "सांगितले असते तर देवळात एकटीला जाऊ दिले असतेत का?" त्यांनी उलट मलाच विचारले. मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून मोरीत आधाराला दांडी बसवली. ती पंचा वाळत घालायला आहे, असे सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात.