छावणी उठली, जमीन परतली नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या काही लष्करी छावण्या सुट्टी घालवण्याच्या छावण्या झाल्या. तोफा गेल्या, पाळणे आणि पोहण्याचे तलाव आले, असा या गोष्टीचा शेवट सहसा गोड केला जातो. वेल्सच्या ल्लीन द्वीपकल्पावर पुल्हेली गावाच्या पूर्वेला असलेली पेनिखायनची छावणी या गोड गोष्टीत बसत नाही. तिचा इतिहास नीट पाहिला तर दिसते ते असे: शांततेच्या काळात ज्यासाठी स्थानिकांची संमती मिळवावी लागली असती, ते युद्धाच्या निकडीने आधीच उभे करून ठेवले, आणि युद्ध संपल्यावर ‘आता बांधलेच आहे’ हेच ते चालू ठेवण्याचे समर्थन झाले.

उद्योजक बिली बटलिन यांनी १९३६ मध्ये इंग्लंडमधल्या स्केगनेसला आपली पहिली सुट्टी-छावणी उघडली. १९३८ च्या कायद्याने पगारी रजेला बळ मिळाले आणि कामगार कुटुंबांना आठवडाभर समुद्रकाठी राहता येईल अशी चिन्हे दिसू लागली. १९३९ मध्ये युद्ध पेटले. स्केगनेसची छावणी नौदलाने घेतली, फाइली इथली बटलिन यांचीच अर्धवट बांधलेली छावणी हवाई दलाकडे गेली. पुढे नौदलासाठी स्कॉटलंडमधल्या एअर आणि वेल्समधल्या पुल्हेली इथे दोन नव्या छावण्या बांधण्याचे काम बटलिन यांच्याकडेच आले आणि युद्धानंतर त्या आपण विकत घेणार, हे त्यांनी ठरवून घेतले. म्हणजे पेनिखायनच्या शेतांवर खलाशांसाठी खोल्या आणि भोजनगृहे उभी राहत होती, तेव्हाच त्यांचा पुढचा मालक ठरलेला होता. नौदलाने या तळाला ‘ग्लेनडॉवर’ नाव दिले, तेही इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठाव करणाऱ्या वेल्श नेत्याचे! १९४७ मध्ये तिथे पर्यटक उतरू लागले.

यावर कोणी म्हणेल, शत्रू दाराशी असताना गावाला विचारत कोण बसणार? निकड खरी होती, हे मान्यच. पण त्याच परिसरात युद्धापूर्वी, पूर्ण शांततेत काय घडले तेही पाहावे. पुल्हेलीच्या पश्चिमेला पेनीबेर्थ इथे सरकारने बॉम्बफेकीचे प्रशिक्षण केंद्र काढायचे ठरवले. इंग्लंडमधल्या जागांना विरोध झाला तेव्हा सरकारने माघार घेतली होती. वेल्समधला प्रचंड विरोध मांडणाऱ्या शिष्टमंडळाला भेटायला मात्र पंतप्रधान बाल्डविन तयार झाले नाहीत. सप्टेंबर १९३६ मध्ये वेल्श राष्ट्रवादी सॉन्डर्स लुईस, लुईस व्हॅलेंटाइन आणि डी. जे. विल्यम्स यांनी तिथल्या बांधकामाला आग लावली आणि स्वतःच पोलिसांत हजर झाले. कार्नार्वनच्या ज्यूरीचे एकमत होईना, तेव्हा खटला लंडनला नेला आणि तिथे तिघांना नऊ महिन्यांची कैद झाली. त्यामुळे पुढे पेनिखायनच्या सुट्टीच्या छावणीला स्थानिकांचा जो विरोध झाला, त्यात वेल्श भाषा आणि समाजजीवन उन्हाळी गर्दीत बुडण्याची धास्ती होती, तशी आपले ऐकलेच जात नाही ही जुनी सलही होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छावणीने रोजगार दिला, आसपासच्या दुकानांना गिऱ्हाईक दिले, आणि लिव्हरपूल-मँचेस्टरच्या कामगारांना परवडणारा समुद्रकिनारा दिला. हे सगळे खरे आहे. एकाच दरात राहणे, जेवण आणि करमणूक मिळणे ही गिरणीत राबणाऱ्या घरातल्या बाईसाठी लहान गोष्ट नव्हती. आठवडाभर तरी तिची चूल सुटत असे. १९६० च्या उन्हाळ्यात पुढे बीटल्समध्ये गेलेला रिंगो स्टार इथे आपल्या तेव्हाच्या वाद्यवृंदात ड्रम वाजवत होता, अशी तिथली रौनक. परंतु फायदा झाला म्हणून संमती होती असे ठरत नाही, आणि संमती नव्हती म्हणून फायदा खोटाही ठरत नाही. पर्यटकांना दोष देण्याचे तर काहीच कारण नाही. निर्णय त्यांनी घेतला नव्हता.

आज ती जागा दुसऱ्या नावाने सुट्टीचे ठिकाण म्हणून चालू आहे. तिच्या आठवणी जमवताना नाचगाणी आणि लाल कोटातले सेवक सहज हाती लागतात, कारण त्यांची छायाचित्रे निघाली. शेतकऱ्याची नांगरट आणि विरोधकांच्या सभा यांची तशी छायाचित्रे कोण काढणार? म्हणूनच स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याने आधी ती जमीन कोण कसत होते आणि कोणाचे म्हणणे डावलले गेले, हे नोंदवावे. सुट्टीतल्या आनंदाचे प्रकरण त्यानंतर लिहावे. तसे केल्याने त्या आनंदाला उणेपणा येणार नाही, फक्त त्याची किंमत कोणी मोजली हे कळेल.