स्पर्शप्रतिसाद देणारी परिधेय साधने

आभासी जगातील वस्तूला हात लागताच त्वचेवर कंप, दाब किंवा ओढ निर्माण करणारे हातमोजे, पट्टे व जाकिटे. कंपमोटर असलेली साधने हलकी असतात. त्वचेतील पाचिनी ग्राहक सुमारे २५० हर्ट्‌झच्या कंपनांना विशेष संवेदनशील असल्याने लहान मोटरही पुरते. ‘सायबरग्रास्प’ हा हातावरचा बाह्यसांगाडा मात्र प्रत्येक बोट १२ न्यूटनपर्यंतच्या बलाने मागे ओढतो. तरीही उचललेल्या पेल्याचे वजन तो जाणवून देत नाही. म्हणून ही साधने अपुरी आहेत, असा आक्षेप घेतला जातो. परंतु उपयुक्ततेसाठी हुबेहूब स्पर्श आवश्यक नसतो. १९६९ मध्ये पॉल बाख-इ-रिटा यांनी खुर्चीच्या पाठीत ४०० कंपक बसवले; कॅमेऱ्यातील चित्र त्यांच्याद्वारे पाठीवर उमटवले असता सरावाने अंध व्यक्ती वस्तू ओळखू लागल्या. पक्षाघातानंतर हाताचा सराव करतानाही अशा साधनामुळे पकड सैल झाल्याचे त्याच क्षणी कळले, तर रुग्णाला पुढचा प्रयत्न सुधारता येतो.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे. पक्षाघातानंतरच्या आभासी वास्तव उपचारांवरील ७२ चाचण्यांच्या कॉक्रेन आढाव्यात (२०१७) हाताच्या हालचालींसाठी हे उपचार नेहमीच्या उपचारांहून सरस ठरले नाहीत. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून दिल्यावर मात्र लाभ दिसला. म्हणून अशा उपचारांत वापरायची ही साधने भौतिकोपचारतज्ज्ञाला पर्याय नसून, रुग्णाचा सराव वाढवणारी पूरक साधने आहेत.