मालपुवा कोणाचा?

रविवारी आमच्याकडे न्याहारी उशिरा होते. सकाळी उठल्याबरोबर मैदा, थोडा रवा, साखर आणि मावा दुधात कालवून दोन तास मुरू द्यायचे. मग त्यात एक अंडे, जाडसर कुटलेली बडीशेप, वेलची आणि किसलेले जायफळ घालायचे. पीठ पळीवरून सहज ओघळले पाहिजे, पण पाण्यासारखे पातळ नको. पसरट कढईत मध्यम आचेवर तूप तापले की पळीभर पीठ मधोमध सोडायचे. ते आपोआप गोल पसरते. कडा जाळीदार होतात, मध्य मऊ राहतो. तळलेला मालपुवा पाकात बुडवून दस्तरखानावर येईपर्यंत अकरा वाजलेले असतात.

अशाच एका रविवारी आलेले स्नेही म्हणाले, ‘‘तुमचा हा मुसलमानी पदार्थ फार छान!’’ पुढे काही दिवसांनी आमच्याच नात्यातल्या एका बुजुर्गांनी त्याच मालपुव्याकडे पाहून नाक मुरडले, ‘‘हे सगळं हिंदूंचं. आपल्यात कुठून शिरलं?’’ एकाने आम्हाला बाहेरचे ठरवले, दुसऱ्याने बाटलेले. दोघांच्याही मनात वाईट नव्हते. पण दोघांनाही मालपुव्याचा इतिहास ठाऊक नव्हता.

‘पुवा’ हा शब्द ‘अपूप’वरून आला. ऋग्वेदात तुपातल्या अपूपाचा उल्लेख आहे. म्हणजे नावाचे मूळ इथल्याच मातीतले. दुसरीकडे, दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल्-वर्राक यांनी पाककृतींचा मोठा ग्रंथ रचला. त्यात ‘कतायफ’ आहे. पुढे १२२६ साली मुहम्मद अल्-बगदादी यांनी लिहिलेल्या पाकग्रंथातही तो भेटतो. आज कैरो-दमास्कसकडे रमजानमध्ये कतायफ करतात, तेव्हा सैल पीठ तापल्या पत्र्यावर ओततात, एकच बाजू भाजतात, आत सुकामेवा भरून दुमडतात आणि पाकात घालतात. एकातून दुसरा निघाला, असे आम्ही म्हणत नाही. दोन घरी दोन मुले जन्मली, एवढेच.

पण या दोन घरांत येणेजाणे होते. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली आणि अरबीत ‘सुक्कर’. ‘खंड’चा ‘कंद’ झाला. कतायफच्या पाकातली साखर अशी हिंदुस्थानचे नाव सांगते. उलट आमच्या पिठातला ‘मैदा’ आणि वर पेरलेला ‘बदाम’ हे शब्द फारसीतून आले. वेलची दक्षिण सह्याद्रीच्या जंगलातली, तर जायफळ पूर्वेकडच्या बांदा बेटांवरून गलबतांनी आणलेले. एका वाडग्यात एवढा मोठा समुद्र मावला आहे.

हा समुद्र आपल्या अंगणातलाच. इ. स. ९१६च्या सुमारास अल्-मसूदी हा प्रवासी कोकणात सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले लोक त्यांत होते, तसेच इथेच जन्मलेलेही होते. बगदादमध्ये कतायफ कागदावर उतरला, त्याच शतकातली ही गोष्ट. चौलच्या चुलींवर तेव्हा काय शिजत होते, ते मात्र कुणी लिहिले नाही.

आमची खंत नेमकी इथेच आहे. माळव्यात मांडूच्या सुलतान गियासुद्दीन खिलजीने ‘निअमतनामा’ लिहवून घेतला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा सचित्र पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेला आहे. सुलतानाच्या स्वयंपाकघराला इतिहास मिळाला. आपल्या अम्मी-नानींच्या चुलीला तो मिळाला नाही. कोकणातले नारळाच्या गोड रसातले घावन, दख्खनमध्ये लग्नघरी रतजग्याला बायका रात्रभर तळत असलेले गुलगुले, रमजानमधले मालपुवे, हे सारे त्यांनी हातातून हातात दिले. त्यांचे माप ‘एक मूठ’ आणि ‘अंदाजाने’. ती मूठ मिटली की मापही गेले.

आपण कोण, कुठले, असे आपल्याला वारंवार विचारले जाते. उत्तरादाखल आपण संतांची, शाहिरांची नावे सांगतो. सांगायलाच हवीत. पण घरातल्या कढईचा पुरावाही कमी मोलाचा नाही. तो कुणी बनवलेला नाही, रोज वापरून काळा पडलेला आहे.

तेव्हा वाचकांना एवढेच सांगणे: येत्या रविवारी अम्मीजवळ, दादीजवळ वही घेऊन बसा. बडीशेप किती, हे विचारा. कोणाकडून शिकलात, तेही विचारा. शेजारच्या एखाद्या काकूंचे नाव निघाले, तर तेही लिहून ठेवा.