घाटातलं माकड बाटलीचं झाकण उघडायला कसं शिकतं?

महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट असो की पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट, गाडी थांबली की माकडं हजर! ही लालसर तोंडाची, डोक्यावर केसांची टोपी असलेली माकडं म्हणजे बॉनेट मकाक. काळतोंडे वानर वेगळे. घाटाघाटांतली ही माकडं बाटली पळवून झाकण काढतात आणि पाणी पितात.

मग हे अवजार वापरणं झालं का? नाही. एखादी वस्तू हातात धरून तिच्या मदतीने दुसऱ्या वस्तूवर किंवा स्वतःच्या अंगावर काम केलं, तरच शास्त्रज्ञ तिला अवजार म्हणतात. दाताने झाकण काढणं ही नुसती हातोटी. बॉनेट मकाकने खरं अवजार वापरल्याची नोंद अगदी तुरळक आहे. 1997 मध्ये अनिंद्य सिन्हा यांनी एका मादीबद्दल लिहिलं. अंगाची खाज शमवायला ती काटक्या, पानं वापरायची आणि हवी तशी तोडूनही घ्यायची.

थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लांब शेपटीचे मकाक मात्र दगडाने कालवं फोडतात. हे काम किती जिकिरीचं, ते कोकणात वेगळं सांगायला नको! तिथे पिल्लांना कोणी धडे देत नाही. मोठ्यांनी टाकलेले दगड आणि फुटके शिंपले पिल्लं हाताळतात, उगाच आपटतात, नेम चुकवतात. हात बसायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

घाटातल्या पिल्लाची शाळाही अशीच, फक्त दगडांऐवजी तिथे वेफर्सची पुडी असते. खाणं कवचात बंद नसेल तर दगड उचलायचं कारणच काय? इथे खाण्याची किल्ली माणसाकडे. कर्नाटकातल्या बंदीपूरची माकडं तर माणसाकडे बघून विशिष्ट आवाज काढतात आणि हात पुढे करून खाणं मागतात, असं 2018 च्या अभ्यासात दिसलं.

म्हणून गंमत म्हणून टाकलेलं बिस्किट एका माकडापुरतं राहत नाही. आईच्या पोटाला चिकटलेलं पिल्लूही ते बघतं आणि पुढे गाड्यांच्या मागे धावतं. रस्त्यावर चाकाखाली येण्याचा धोका त्यातूनच वाढतो. चहा-भजीला थांबलात तर पुड्या गाडीतच ठेवा, काचा वर करा आणि रिकामी बाटली घाटात टाकू नका.