‘बाहेर व्हा’ची कुळकथा

मेंढीकोटात कुठल्या दश्श्या पडल्या हे जो ध्यानात ठेवतो, त्याला आपण तरबेज म्हणतो. लास वेगासमध्ये त्यालाच दार दाखवतात. ब्लॅकजॅकमध्ये एक्के, दश्श्या आणि चित्रं शिल्लक जास्त असली की पारडं खेळणाऱ्याकडे झुकतं. एडवर्ड थॉर्प यांनी हे गणित आयबीएम ७०४ संगणकावर सोडवून १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ पुस्तकात छापलं. नुसत्या डोक्याने पत्ते मोजणं गुन्हा नाही. मग हाकलण्याचा हक्क आला कुठून?

तो आला घोड्यांच्या शर्यतीतून. १८४३ मध्ये इंग्लंडात डॉनकास्टरला वुड नावाचा माणूस एक गिनीचं तिकीट काढून शर्यत बघायला गेला, आणि कारभाऱ्यांच्या हुकुमावरून त्याला बाहेर काढलं. तो कोर्टात गेला. १८४५ मध्ये निकाल लागला: तिकीट ही फक्त परवानगी, मालक ती केव्हाही काढून घेईल, पैसे परत दिले नाहीत तरीही. त्याआधीचा रिवाज उलटा होता. सराईवाल्याला आल्या वाटसरूला विनाकारण परतवता येत नसे. पण अमेरिकेतल्या न्यायालयांनी उचलली ती डॉनकास्टरची री, आणि नेवाडातले कॅसिनो आजही तिच्यावरच निभावतात. ‘तुमचा खेळ आम्हाला झेपत नाही’ एवढं म्हटलं की झालं. परत आलात तर अतिक्रमण.

न्यू जर्सीत मात्र गाठ केन उस्टन यांच्याशी पडली. शेअरबाजारातलं उपाध्यक्षपद सोडून ते पत्त्यांत उतरले होते. जानेवारी १९७९ मध्ये अटलांटिक सिटीच्या रिसॉर्ट्स कॅसिनोने त्यांना ब्लॅकजॅकच्या टेबलांवरून उठवलं. आरोप काय? नियम पाळून फार चांगलं खेळतात! ५ मे १९८२ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उस्टन यांच्या बाजूने कौल दिला. निकाल न्यायमूर्ती मॉरिस पॅशमन यांनी लिहिला. खेळाचा नियम न नियम कायद्याने कॅसिनो आयोगाच्या हाती दिलाय, तेव्हा डावपेचांवरून कुणाला वगळायचं तर ते आयोगाने ठरवावं. आणि सगळ्यांसाठी दार उघडणाऱ्याने मनमानी करून ते एकालाच बंद करू नये. डॉनकास्टरपेक्षा सराईवाल्याचा रिवाज बरा, असंच हे म्हणणं झालं.

आयोगाने तसा मनाईचा नियम काही केला नाही. पण उस्टन यांचा विजय मला अर्धाच वाटतो. कॅसिनोंनी आठ-आठ कॅट एकत्र पिसायला सुरुवात केली. मोजणारा टेबलावर बसला, त्याने पैसे वाढवले, की डीलर शांतपणे उरलेले पत्ते गोळा करतो आणि नव्याने पिसायला घेतो.