'सिव्हिल' शब्दाची कैफियत

'सिव्हिल' हा शब्द आपल्या घराघरांत आहे. आजाऱ्याला 'सिव्हिल'मध्ये नेतात, जमिनीचा तंटा सिव्हिल कोर्टात जातो. उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना मात्र त्याचा एकच अर्थ सांगून आमचे भागत नाही.

लॅटिनमध्ये 'सिव्हिस' म्हणजे नागरिक. त्यावरून इंग्रजीत नागरिकाचा, लष्करी नसलेला, फौजदारी नसलेला आणि सभ्य असे अर्थ रूढ झाले. आपल्याकडे या अर्थांना आधीचेच शब्द मिळाले. १७६५ मध्ये बादशाह शाह आलमने कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी दिली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने दिवाणी आणि फौजदारी अदालती वेगळ्या केल्या. म्हणून सिव्हिल कोर्ट मराठीत आजही 'दिवाणी' आहे. कंपनीशी करार करणारे सिव्हिल अधिकारी 'सनदी' झाले. दिवाणी, फौजदारी, सनद हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत.

१९३० च्या चळवळीला उर्दूने 'सिव्हिल नाफरमानी' म्हटले, मराठीने 'सविनय कायदेभंग'. मराठीने सभ्यतेचा अर्थ निवडला. पण त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ आला आणि सिव्हिल कारभार लष्कराच्या हाती गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. प्रजेकडून विनयाची अपेक्षा करणाऱ्या त्या राज्याने तिला नागरिक कधी मानलेच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४४ व्या कलमातला 'सिव्हिल' मराठीत 'नागरी' झाला. तिथे अर्थ आहे विवाह, तलाक, दत्तक, वारसा यांच्या कायद्याचा. पण 'समान नागरी कायदा' म्हणताच कानाला नागरिकत्व ऐकू येते. मग त्यावर साधी शंका काढणाऱ्याच्याही नागरिकत्वाकडे संशयाने पाहिले जाते. कायद्याच्या बाजूने असो वा विरुद्ध, बोलणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

अरबीत 'मदीना' म्हणजे शहर. त्यावरून दिवाणी कायदा 'मदनी' आणि संस्कृती 'तमद्दुन'. उर्दूत शहरावरून 'शहरी', म्हणजे नागरिक. संस्कृतात नगरावरून 'नागरिक' आणि 'नागर', म्हणजे सुसंस्कृत. या भाषांनी हक्क आणि अदब एकाच गावकुसात वसवले. आमच्या मुलांना अदब शिकवणे आमचे कामच आहे. पण हक्काविना मागितलेली अदब ही ताबेदारी असते, हेही त्यांना सांगायला हवे.